आधी कथा वाचा, सीमाभाग मग

प्रति,
मराठी नियतकालिकांचे आणि रविवार पुरवण्यांचे संपादक, ग्रंथसमीक्षक, तसेच साहित्य संमेलनांत प्रकट मुलाखती घेणारे सर्व
यांस

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात राहून मराठीत कथा-कादंबरी लिहिणाऱ्या बाईच्या पुस्तकावर जे छापून येतं आणि व्यासपीठावर तिला जे विचारलं जातं, त्याबद्दल हे पत्र आहे. आमच्या पुस्तकांची परीक्षणं पुस्तकापेक्षा पत्त्यावर जास्त लिहिली जातात. ‘सीमाभागातील वेदना’, ‘अस्सल मातीचा गंध’, ‘बोलीचा गोडवा’ एवढे शब्द वगळले तर कितीतरी परीक्षणांत कथानकाचा सारांश, पृष्ठसंख्या आणि किंमत याशिवाय काही उरत नाही. नुसतं गाऱ्हाणं मांडून कुणाचं काम सोपं होत नाही, म्हणून काय केलं तर बरं होईल तेही तपशिलात लिहिते आहे.

पहिली विनंती सवलत न देण्याची. कर्नाटकात राहून मराठीत लिहिणं हेच मोठं काम, अशा भावनेनं परीक्षणं लिहिली जातात. भावना चांगली आहे, तिच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तिच्यामुळं निवेदक मध्येच बदलला, काळाचा हिशेब चुकला, शेवट ओढूनताणून आणला, यातलं काहीच कुणी सांगत नाही. पुण्यातल्या लेखिकेला ज्या पट्टीनं मोजता तीच पट्टी इथं लावा. कथा फसली असेल तर फसली म्हणा, आणि कुठं फसली ते पान दाखवा. पानाचा आकडा दिलेलं एक वाक्य लेखिकेला पुढच्या पुस्तकापर्यंत पुरतं; ‘आश्वासक लेखन’ या शब्दांचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही.

वर्तमानपत्रातल्या परीक्षणाला साधारण चारशे ते सहाशे शब्दांची जागा मिळते. त्यातले दीडशेच्या वर कथानकाला गेले तर बाकी काही सांगायला जागा राहत नाही. दहा-बारा कथांचा संग्रह असला की प्रत्येक कथेला एकेक ओळ द्यायची पद्धत पडली आहे. तिनं कुठल्याच कथेला न्याय मिळत नाही. तीनच कथा घ्या: एक जमलेली, एक न जमलेली, आणि एक अशी की लेखिका काय करू पाहते आहे ते जिच्यात स्पष्ट दिसतं. तिन्हींतून दोन-दोन ओळी जशाच्या तशा उद्धृत करा. बाकीच्या कथांचा नामोल्लेख नाही झाला तरी कुणाचं बिघडत नाही.

पुस्तक दोनदा वाचायला हवं हे समीक्षकाला सांगायला संकोच वाटतो, पण सांगते. पहिल्यांदा सलग, हातात पेन्सिल न घेता. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन: कोण सांगतंय, कुणाला काय ठाऊक आहे, वेळ कुठं उडी मारते, संवाद कुठं थांबतो. मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना या दोन्ही वेळा वाचूच नयेत, परीक्षणाचा कच्चा खर्डा झाल्यावर वाचाव्यात. आधी वाचल्या की प्रस्तावनाकाराची विशेषणं नकळत आपल्या लेखणीत येतात. एकाच पुस्तकाच्या चार परीक्षणांत तेच विशेषण आणि तोच उतारा दिसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आणि प्रकाशन समारंभात ज्यांनी पुस्तकावर भाषण केलं त्यांच्याकडेच परीक्षण सोपवू नका. बेळगावसारख्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळं हे सहज घडतं. दुसरं कुणी मिळतच नसेल तर तसा उल्लेख परीक्षणाखाली छापा.

आता ‘सीमाभाग’. हा शब्द परीक्षणात आला की पुढं एकच भूगोल गृहीत धरलेला असतो. प्रत्यक्षात खानापूरच्या पश्चिमेला जंगल आणि पाऊस आहे, कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि तिथली बोली कोकणीकडे झुकते. निपाणी तंबाखूची, तिथलं बोलणं कोल्हापूरला लागून. चिकोडी, अथणीकडे कृष्णेकाठचा ऊस. बेळगाव शहराभोवती भातशेती, आणि वडगाव-शहापुरात मागांचा खडखडाट. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं, आज ते कोल्हापूर जिल्ह्यात आहे. तेव्हा चंदगडची मावशी आणि खानापूरची भाची एका कथेत एकसारखी बोलत असतील तर ते खुशाल तपासा. ही खरी समीक्षा झाली. ‘सीमाभागातल्या स्त्रिया’ म्हणून दोघींना एका ओळीत बसवणं ही नव्हे.

गावाच्या नावाचंही तसंच. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ झालं. १९८५ साली घडणाऱ्या कथेतलं पात्र ‘बेळगाव’ असंच म्हणणार, आणि आजच्या कथेतला कारकून कागदावर ‘बेळगावी’ लिहून तोंडानं ‘बेळगाव’ म्हणेल. परीक्षण लिहिताना दोन्हीकडे एकच नाव करून टाकू नका. कोण कुठं कोणतं नाव घेतंय हे कथेत ठरवून केलेलं असतं.

आणि आता भाषा. इथं जरा थांबून लिहिते, कारण जास्तीत जास्त नुकसान इथंच होतं.

समजा, कथेत वडगावच्या विणकर गल्लीतली एक मुलगी आहे. ती आईला म्हणते, “मी आलो की आत्ताच. खरं दार बंद हुतं.” इथल्या बायका स्वतःबद्दल ‘आलो, गेलो, जेवलो’ असंच बोलतात, कोल्हापूरकडंही बोलतात. ‘खरं’ इथं ‘पण’च्या जागी येतं. परीक्षणात हा संवाद उद्धृत करताना उपसंपादक त्याचं ‘मी आले’ करतो, किंवा परीक्षणाच्या शेवटी ‘मुद्रितशोधनाकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते’ असा शेरा येतो. पुढं कथेत हीच मुलगी लग्न होऊन पुण्याला जाते. सासूपुढं ‘मी आले’ म्हणायला शिकते. माहेरी फोन केला की पुन्हा ‘आलो’. आणि एका दुपारी आईशी फोनवर बोलता बोलता तिच्या तोंडून ‘आले’ निघून जातं. आई पलीकडे गप्प होते. अख्खी कथा त्या एका क्रियापदावर उभी आहे. उपसंपादकानं पहिल्याच संवादात ते दुरुस्त केलं तर परीक्षणाच्या वाचकाला मुलगी कुठून कुठं गेली हे कळायला मार्गच राहत नाही, आणि मग ‘कथेत फारसं काही घडत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

यावर उपाय सोपा आहे. वाचताना कोणती बाई कुणाशी बोलताना स्वतःबद्दल कोणतं रूप वापरते, त्याची समासात खूण करत जा. बदल माणसागणिक किंवा जागेगणिक होत असेल तर तो लेखिकेनं केलेला आहे. एकाच पानावर, एकाच माणसाशी बोलताना, काही कारण नसताना दोन्ही रूपं आली असतील तर तो मुद्रणदोष आहे किंवा लेखिकेचा हलगर्जीपणा आहे. तो जरूर दाखवा. पात्राच्या तोंडची बोली आणि निवेदनाची भाषा हा फरकही असाच तपासता येतो. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही रूढ पद्धत. निवेदनातही बोली आली असेल तर निवेदक कोण हा प्रश्न विचारा. निवेदक गावातलाच असेल तर ठीक. सर्वज्ञ निवेदकाच्या तोंडी मधूनच बोली येऊन पुन्हा जात असेल तर तिथं लेखिकेला धरा.

कन्नड वाक्यांचं दुखणं वेगळं. इथल्या घरांत आणि बाजारात माणसं एका वाक्यात दोन्ही भाषा बोलतात, म्हणून कथेतही तसं येतं. शेजारीण विचारते, “ऊटा आतेन्री?” जेवण झालं का, एवढंच. पाठ्यपुस्तकातली कन्नड येणारा एखादा जाणकार ते ‘ऊट आय्ता’ असं दुरुस्त करतो आणि शेजारीण गल्लीतून उठून थेट म्हैसूर-बेंगळुरूकडे जाते. उत्तर कर्नाटकाची कन्नडही बोली आहे, तिचेही कंगोरे आहेत. कन्नड येत नसेल तर येणाऱ्या कुणाला तरी विचारा, पण तो माणूस धारवाड-बेळगावकडचा असेल असं बघा.

‘पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थ हवे होते’ हा शेरा फार सहज दिला जातो. तो देण्याआधी एक कसोटी लावून बघा. अनोळखी शब्दावर न थांबता पुढच्या तीन ओळी वाचा. अर्थ लागला तर शब्दार्थांची गरज नव्हती. नाही लागला, आणि त्या शब्दावर प्रसंग अवलंबून असेल, तर दोष लेखिकेचा. तो शब्दासह दाखवा. शब्दार्थांची यादी मागणं म्हणजे लेखिकेला तिच्या कामातून सोडवणं, आणि तिला तसं सोडवू नये.

छपाईतली एक बारीक पण नेहमीची गोष्ट. युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलला की ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारख्या शब्दांतला र तुटतो किंवा भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि अवतरणचिन्हं गळतात. अवतरणचिन्ह गळलं की संवाद निवेदनात मिसळतो आणि बोली थेट लेखिकेच्या तोंडी जाते. पान लागल्यावर निदान उद्धृत केलेल्या ओळी पुस्तकाशी ताडून बघा. सहाशे शब्दांच्या मजकुरात अशा ओळी आठ-दहाच असतात, पाच मिनिटांचं काम आहे.

‘सीमाप्रश्न या लेखनात थेट येत नाही’ हा आक्षेपही वारंवार घेतला जातो. त्याला उत्तर द्यायलाच हवं. १९४६ च्या बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून या गावात साहित्य आणि सीमाप्रश्न एकमेकांना धरून आहेत. सीमावादावर तोडगा सुचवायला महाजन आयोग १९६६ ला नेमला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, २००४ साली हा वाद घेऊन महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. हे सगळं इथल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे, आणि म्हणूनच कथेतली माणसं ते एकमेकांना सांगत बसत नाहीत. कथेत ते निराळ्या वाटेनं येतं. तहसील कचेरीतला अर्ज कन्नडात असतो, म्हातारा तो उलटासुलटा करून बघतो आणि बाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणाऱ्यापुढं उकिडवा बसतो. बसची कन्नड पाटी वाचता येत नाही म्हणून सून रंगावरून बस ओळखते. नातवाला कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालायचं यावर जेवणं थंड होतात. हे दिसलं नाही आणि घोषणा शोधत राहिलात, तर घोषणा नाहीत एवढंच सापडेल. उलट, पात्राच्या तोंडी संपादकीय छापाची भाषणं घातली असतील तर तिथं कथा पडते, मग त्या भाषणाशी आपण शंभर टक्के सहमत का असेना. समीक्षकानं तेव्हा सहमती बाजूला ठेवून कथा पडली असं म्हणायला हवं. सीमाभागातल्या लेखनाबद्दल हे म्हणायची हिंमत अजून फार थोड्यांनी दाखवली आहे.

बेळगावच्या बोलीत लिहिलं की प्रकाश नारायण संतांच्या कथांतल्या लंपन या मुलाशी तुलना ठरलेली. लंपनवर आमचंही प्रेम आहे. पण ते एका मुलाच्या नजरेतून दिसणारं जग आहे. कथेत मूल नसेल, ती नजर नसेल, आणि नुसती बोली सारखी असेल तर तुलना करून हाती काही लागत नाही. तुलना करायचीच तर कशाची ते सांगा: वाक्याची, निवेदकाची, की काळ हाताळण्याची.

मुलाखतींकडे वळते. इथल्या लेखिकेला मुलाखतीसाठी फोन येतात ते बहुतेक ठरलेल्या तारखांना. १ नोव्हेंबरचा, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी मराठी माणसं निषेध म्हणून पाळतात तो काळा दिवस, १७ जानेवारीचा, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा हुतात्मा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, आणि बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं ते दिवस. तेव्हा प्रश्न पुस्तकावर नसतातच. अशा दिवशी प्रतिक्रिया हवी असेल तर प्रतिक्रिया म्हणूनच मागा, नागरिक म्हणून देता येईल. तिला ‘लेखिकेची मुलाखत’ असा मथळा देऊन शेजारी पुस्तकाचं मुखपृष्ठ छापू नका. वाचकाचा समज होतो की पुस्तकात हेच आहे, आणि पुस्तक वाचल्यावर तो नाराज होतो.

पुस्तकावरची मुलाखत घ्यायची तर आठ दिवस आधी विषय कळवा. नेमके प्रश्न कळवले नाहीत तरी चालेल, उलट न कळवलेलेच बरे, नाहीतर उत्तरं पाठ केल्यासारखी येतात. लेखिकेची निदान दोन पुस्तकं वाचलेली असावीत. एकच वाचलं असेल तर लेखनात काय बदललं हा प्रश्न विचारता येत नाही, आणि खरं म्हणजे तोच सर्वांत उपयोगी प्रश्न आहे.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी अशा गावांत हिवाळ्यात साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडीत अख्खा गाव उतरतो, मांडवात पाय ठेवायला जागा नसते. एवढा श्रोता महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत मिळत नाही, म्हणून तिथली प्रकट मुलाखत वाया जाऊ देऊ नये. पत्रिकेवर पाऊण तास लिहिलेला असतो. स्वागत, शाल-श्रीफळ, परिचय आणि आधीच्या सत्राचा उशीर यांत अर्धा तास जातो. म्हणून दहा प्रश्न काढा, पण पंधराच मिनिटं मिळाली तर विचारायचे चार कोणते त्यावर आधीच खूण करून ठेवा. परिचय शंभर शब्दांत आटपा. माईक दोन मागून घ्या. एकच माईक असला की तो मुलाखतकाराच्या हातात राहतो, प्रश्न दोन-दोन मिनिटांचे होतात आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘अगदी बरोबर’ एवढंच उरतं. एखादं पान वाचून दाखवायला सांगा, दोन-तीन मिनिटांचं, आणि पुढचा प्रश्न त्या पानावरच विचारा. मांडवातल्या बायका बोली ऐकल्यावर ज्या जागी हसतात किंवा गप्प होतात, ती जागा पकडून विचारलेला प्रश्न हमखास जमतो.

छापायच्या मुलाखतीचं गणित वेगळं. तासाभराच्या गप्पा लिहून काढल्या की सात-आठ हजार शब्द होतात. पानावर जागा हजार-बाराशेची. म्हणजे सातातले सहा भाग वगळले जाणार. ते वगळताना उत्तराचा शेवट कापू नका. माणूस आधी मान्य करतो आणि ‘पण’ म्हणून शेवटी आपलं मत सांगतो. शेवट गेला की मान्य केलेलंच मत म्हणून छापलं जातं. उत्तर बघून प्रश्न नव्यानं लिहू नका. दोन उत्तरं जोडून एक करायचं असेल तर विचारून करा. लेखिका बोलताना ‘मी लिहितो’ म्हणाली असेल तर छापताना काय ठेवायचं ते तिलाच विचारा आणि सगळ्या मुलाखतीत एकच ठेवा. मथळा उपसंपादक देतो हे ठाऊक आहे, तरी तो छापण्याआधी फोनवर एकदा वाचून दाखवावा. उत्तरं सावधपणे दिलेली आणि मथळा भडक, असं झालं की दुसऱ्या दिवशी गल्लीत उत्तरं मुलाखतकाराला द्यावी लागत नाहीत, लेखिकेला द्यावी लागतात. इथं शेजारी दोन्ही भाषांचे आहेत आणि पेपर दोघेही वाचतात.

घर सांभाळून लेखनाला वेळ कसा काढता, घरच्यांचा पाठिंबा आहे का, हे प्रश्न पुरुषांना विचारत असाल तर आम्हालाही विचारा. कथेतली ‘मी’ म्हणजे तुम्हीच का, हा प्रश्न मात्र कुणालाच विचारू नका. त्याचं उत्तर हो असो की नाही, कथा जमली की नाही हे त्यातून ठरत नाही. आणि उत्तर ‘हो’ छापलं तर कथेतल्या सासूचं, दिराचं, शेजाऱ्याचं घर गावाला सापडतं.

शेवटी परीक्षणाच्या प्रतींचं. नव्या लेखिकेच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती मोजक्याच निघतात. त्यातल्या दोन-दोन प्रती अभिप्रायासाठी टपालानं किंवा कुरिअरनं पुण्या-मुंबईला जातात आणि बऱ्याचदा त्यांची ‘साभार पोच’सुद्धा छापून येत नाही. परीक्षण होणार नसेल तर एका ओळीचा निरोप पाठवा आणि प्रत जवळच्या एखाद्या वाचनालयाला देऊन टाका. प्रतिकूल परीक्षण मात्र संकोचानं दाबून ठेवू नका. ते छापा, पानाचे आकडे देऊन छापा, आणि अंक बेळगावच्या पत्त्यावर पाठवा. इथं सगळे अंक विकत मिळत नाहीत.

आपली,
बेळगावची एक कथालेखिका